इंटिग्रेट : एक शब्द, अनेक शास्त्रं

इंटिग्रेट हा शब्द बहुतेकांना पहिल्यांदा गणितात भेटतो आणि मग पाठ सोडत नाही. फोनच्या चिपबद्दल वाचायला घ्या, तिथे इंटिग्रेटेड सर्किट. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मीटिंगमध्ये बसा, तिथे इंटिग्रेशन टेस्टिंग. स्थलांतरितांबद्दलची बातमी, मेंदूवरचं व्याख्यान, एचआयव्हीवरचा लेख, सगळीकडे तो हजर. शब्दकोशात अर्थ सापडतो: एकत्र करणे, एकीकरण करणे, सामावून घेणे. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तेवढ्यावर भागवलं तर या शब्दाचा गाभाच हातून निसटतो.

घड्याळाचे सगळे सुटे भाग एका डबीत भरले तर ते एकत्र आले, पण त्या डबीकडे पाहून वेळ कळत नाही. इंटिग्रेट होणं म्हणजे त्या भागांचं घड्याळ होणं. प्रत्येक भागाचं काम दुसऱ्यावर अवलंबून राहतं आणि सगळे मिळून असं काही करतात, जे त्यांच्यातल्या एकालाही एकट्याने जमलं नसतं. म्हणून माझ्या मते या शब्दाचा खरा अर्थ भागांमध्ये शोधू नये, सांध्यांमध्ये शोधावा. दोन भाग जिथे एकमेकांना भेटतात तिथे काय घडतं, हे पाहिलं की प्रत्येक क्षेत्रातलं इंटिग्रेशन आपोआप उलगडत जातं. त्याच्या जोडीला एक प्रश्न धरून ठेवावा: जोडल्यानंतर भाग भाग म्हणून उरतो की विरघळून जातो?

शब्दाचं मूळ लॅटिन आहे. इंटिजर म्हणजे ज्याला हात लागलेला नाही, जे अखंड आहे ते. त्यावरून आलेलं क्रियापद म्हणजे अखंड करणं, पुन्हा पूर्ववत करणं. गणितात इंटिजर म्हणजे पूर्णांक, ज्याचा तुकडा पडलेला नाही असा अंक. इंटिग्रिटीही याच घरातली. माणसाबद्दल बोलताना तिचा अर्थ सचोटी होतो, कारण त्याचं बोलणं आणि वागणं यांत फट नसते. पुलाबद्दल बोलताना इंजिनिअर तोच शब्द वापरतात तेव्हा पूल कुठे तडकलेला नाही, भार सगळीकडे नीट पोचतोय, असं म्हणायचं असतं. डेटाबेसची इंटिग्रिटी म्हणजे आतली माहिती एकमेकींशी विसंगत नसणं. या सगळ्या कुटुंबाचा भर अखंडपणावर आहे. जोडणं ही तिथे पोचायची वाट. मर्ज हा इंग्रजी शब्द वेगळा पडतो तो इथेच. दोन प्रवाह मर्ज झाले की कुठलं पाणी कुणाचं हे सांगता येत नाही. इंटिग्रेट झालेल्या गोष्टीत भाग पुष्कळदा ओळखू येतात, पण नेहमीच नाही, आणि वाद होतात ते नेमके त्यावरूनच.

तुकडे करून पूर्ण मोजणं

गणितातलं इंटिग्रेशन, ज्याला मराठीत संकलन किंवा समाकलन म्हणतात, ते सूत्रांच्या गर्दीत इतकं हरवतं की त्यामागची साधी कल्पना अनेकांपर्यंत पोचतच नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण ती कल्पना कुणालाही समजेल अशी आहे.

समजा, एक गाडी उभ्या जागेवरून निघाली. निघताना वेग शून्य, एका सेकंदानंतर सेकंदाला २ मीटर, दोन सेकंदांनंतर ४ मीटर, असं एकसारखं वाढत दहा सेकंदांनंतर सेकंदाला २० मीटर. या दहा सेकंदांत तिने किती अंतर कापलं? वेग कायम असता तर वेळेने गुणून मोकळं झालो असतो. इथे वेग क्षणाक्षणाला बदलतोय, कोणत्या वेगाने गुणायचं? मग दहा सेकंदांचे एकेका सेकंदाचे दहा तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यापुरतं समजायचं की सुरुवातीला जो वेग होता तोच टिकला. बेरीज येते ९० मीटर. हे उत्तर कमी आहे, कारण प्रत्येक तुकड्यात गाडी पुढे पुढे जास्त जोरात गेली होती. उलट प्रत्येक तुकड्याच्या शेवटचा वेग धरला तर येतात ११० मीटर, म्हणजे जास्त. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.

आता तुकडे अर्ध्या सेकंदाचे करू. कमीचं उत्तर ९५ वर चढतं, जास्तीचं १०५ वर उतरतं. एक दशांश सेकंदाचे तुकडे केले तर ९९ आणि १०१. एक शतांश सेकंदाचे केले तर ९९.९ आणि १००.१. तुकडे जितके बारीक, तितकी दोन्ही उत्तरं एकमेकांजवळ येतात आणि १०० या एकाच संख्येवर येऊन ठेपतात. गाडी १०० मीटर गेली. या बेरजांपैकी एकही अचूक १०० देत नाही. तुकडे बारीक होत होत सगळ्या बेरजा ज्या संख्येकडे सरकतात, ती संख्या म्हणजे इंटिग्रल. संकलन आणि साधी बेरीज यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

ही युक्ती जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने पॅराबोला (फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखी वक्र रेषा) आणि त्याला छेदणारी सरळ रेषा यांच्यामधला भाग त्रिकोणांनी भरत नेला. आधी एक मोठा त्रिकोण, उरलेल्या जागेत त्याहून लहान, मग आणखी लहान. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीच्या एक चतुर्थांश क्षेत्रफळाची भर पडते. त्यावरून त्याने सिद्ध केलं की पूर्ण आकृतीचं क्षेत्रफळ पहिल्या त्रिकोणाच्या ४/३ पट असतं. वक्र कडा असलेल्या आकृतीचं इतकं नेटकं उत्तर निघावं, हे आजही वाचताना अंगावर काटा येतो.

सतराव्या शतकात न्यूटन आणि लाइबनिट्झ यांनी स्वतंत्रपणे या युक्तीचं सर्वांना वापरता येईल असं शास्त्र केलं. संकलनासाठी आपण जो लांबोळका एस काढतो तो लाइबनिट्झचा. २९ ऑक्टोबर १६७५ रोजीच्या त्याच्या हस्तलिखितात तो दिसतो आणि ते लॅटिनमधल्या बेरीज या अर्थाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आहे. या शास्त्राला ‘बेरजेचं कलन’ म्हणावं असं लाइबनिट्झचं मत होतं. योहान बर्नुलीला मात्र ‘इंटिग्रल’ हे नाव हवं होतं, आणि चिन्हही त्याच शब्दाचं पहिलं अक्षर आय. छापील लेखात इंटिग्रल हा शब्द त्याचा थोरला भाऊ याकोब बर्नुली याने १६९० मध्ये वापरला होता. शेवटी पत्रव्यवहारातून तडजोड झाली: नाव बर्नुलीचं, चिन्ह लाइबनिट्झचं. एकाचं लक्ष तुकडे मिळवण्याच्या कृतीवर होतं, दुसऱ्याचं त्यातून उभ्या राहणाऱ्या पूर्ण वस्तूवर. प्रत्येक विद्यार्थी वहीत दोन्ही एकत्र लिहितो आणि त्यामागे दोन वेगळ्या नजरा आहेत हे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

गणितातली आणखी एक गोष्ट सोडून पुढे जाववत नाही. उत्तराच्या शेवटी एक ‘अधिक सी’ लिहावा लागतो आणि तो विसरला की गुण जातात. तो तिथे का असतो? वर आपण गाडीच्या वेगावरून ती किती अंतर गेली ते काढलं. पण ती आत्ता कुठे आहे, हे नुसत्या वेगावरून कधीच कळणार नाही. त्यासाठी ती निघाली कुठून हे ठाऊक हवं, आणि ही माहिती वेगाच्या आकड्यांमध्ये नसतेच. सगळे तुकडे हाताशी असले तरी पूर्ण चित्रासाठी बाहेरून एक गोष्ट आणावी लागते. सी म्हणजे त्या गोष्टीसाठी राखून ठेवलेली जागा.

डाग आणि तारांचा प्रश्न

आता चिपकडे. १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणारा छोटा भाग, हाताशी आला होता आणि त्यातून कितीही गुंतागुंतीची यंत्रं कागदावर मांडता येत होती. घोडं अडत होतं जोडणीपाशी. हजारो सुटे भाग, त्यांना जोडणाऱ्या हजारो तारा आणि प्रत्येक टोकाला हाताने दिलेला डाग, म्हणजे धातू वितळवून केलेला सांधा. भाग चांगले असले तरी एक डाग कच्चा राहिला की यंत्र बंद. भागांची संख्या वाढली की कच्चा डाग सापडण्याची शक्यता वाढणार हे उघड होतं. इंजिनिअरांनी या अडचणीला ‘संख्येची जुलूमशाही’ असं नाव दिलं होतं.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या जॅक किल्बीने १२ सप्टेंबर १९५८ रोजी जर्मेनियमच्या एकाच तुकड्यावर ट्रान्झिस्टर आणि बाकीचे भाग बनवून चालणारं सर्किट दाखवलं. वेगवेगळे भाग करून मग जोडण्याऐवजी मुळात एकाच वस्तूतून सगळे भाग घडवायचे, ही त्याची कल्पना. मात्र त्याच्या नमुन्यात भागांना जोडणाऱ्या बारीक सोन्याच्या तारा वरून हातानेच लावलेल्या होत्या. म्हणजे भाग एकत्र आले, सांधे जुनेच राहिले. पुढच्या वर्षी फेअरचाइल्ड कंपनीतल्या रॉबर्ट नॉइसने ही अडचण सोडवली. त्याचा सहकारी जाँ होएर्नी याने सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा संरक्षक थर राखण्याची पद्धत शोधली होती. त्या थरावर धातूच्या पट्ट्या बसवून भाग जोडायचे, असं नॉइसने सुचवलं. आता जोडणीसुद्धा चिपबरोबरच छापली जाऊ लागली. श्रेय दोघांनाही देतात आणि ते योग्यच आहे. किल्बीला २००० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा नॉइस हयात नव्हता, तो १९९० मध्येच गेला होता. १९७१ मध्ये इंटेलने आणलेल्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज ही संख्या अब्जांत आहे आणि त्यातला एकही डाग कुणी हाताने देत नाही.

प्रत्येक भाग बरोबर, तरी यान हरवलं

सॉफ्टवेअर आणि मोठ्या यंत्रणा बांधणारे लोक इंटिग्रेशन हा शब्द थोड्या धास्तीने उच्चारतात. एकेक भाग तपासून झाला, सगळे उत्तीर्ण झाले, आता ते एकत्र चालवून पाहायचे. खरी परीक्षा इथून पुढे असते. मार्स क्लायमेट ऑर्बिटर या यानाची गोष्ट यासाठी पुन्हा पुन्हा सांगितली जाते.

हे यान डिसेंबर १९९८ मध्ये निघालं आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचल्यावर त्याच्याशी संपर्क तुटला, तो कायमचाच. वाटेत यानाचा तोल सावरण्यासाठी छोटी इंजिनं अधूनमधून चालवावी लागत. प्रत्येक वेळी किती धक्का बसला याचा हिशेब पृथ्वीवरचं एक सॉफ्टवेअर करायचं. ते लॉकहीड मार्टिनने बनवलं होतं आणि आकडे पाउंड-सेकंदात द्यायचं. ते आकडे घेऊन यानाचा मार्ग काढणारं नासाचं सॉफ्टवेअर त्यांना न्यूटन-सेकंद समजायचं. एक पाउंड बल म्हणजे जवळपास ४.४५ न्यूटन. साहजिकच प्रत्येक धक्का खऱ्यापेक्षा साडेचार पटींनी लहान धरला गेला. एकेक फरक किरकोळ होता, पण नऊ महिन्यांच्या प्रवासात तो साचत गेला. यान मंगळापासून २२६ किलोमीटर उंचीवरून जायला हवं होतं. नंतरच्या हिशेबात ती उंची ५७ किलोमीटर निघाली, आणि ८० किलोमीटरच्या खाली ते तगणार नाही असा अंदाज होता.

गणित कुणाचंच चुकलं नव्हतं. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या जागी बरोबर बेरजा-गुणाकार करत होते. आकडे मेट्रिक एककांत असावेत असं दोन्ही बाजूंमधल्या करारात लिहिलेलंही होतं. पण फाइलमध्ये जातो तो नुसता आकडा, एकक त्याच्याबरोबर प्रवास करत नाही. मार्गात काहीतरी गडबड आहे अशी शंका मार्गदर्शन गटातल्या काहींना आली होती, पण ती योग्य ठिकाणी, योग्य वजनाने पोचली नाही. म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सांध्यासारखाच माणसांमधला सांधाही निखळलेला होता. चौकशीत नासाने जो मुद्दा मांडला तो मला फार महत्त्वाचा वाटतो: चूक होणं हा एक भाग झाला, ती वेळेत पकडणारी व्यवस्था नव्हती हा त्याहून मोठा. म्हणूनच आता अनेक ठिकाणी सगळं तयार झाल्यावर शेवटी जोडण्याऐवजी रोजचं काम रोज मुख्य सॉफ्टवेअरमध्ये मिसळून लगेच तपासतात. याला कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात.

व्यापारातल्या अर्थासाठी फार थांबायची गरज नाही. कच्च्या मालापासून विक्रीपर्यंतच्या पायऱ्या एकाच कंपनीने हातात घेतल्या की ते व्हर्टिकल इंटिग्रेशन. फोर्डच्या मिशिगनमधल्या रिव्हर रूज कारखान्यात एका बाजूने खनिज आणि कोळसा यायचा आणि दुसऱ्या बाजूने मोटारी बाहेर पडायच्या, हे त्याचं गाजलेलं उदाहरण. एकाच पायरीवरच्या प्रतिस्पर्ध्यांना विकत घेतलं तर ते हॉरिझाँटल.

शरीराच्या आत

चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये मज्जासंस्थेचं मुख्य काम इंटिग्रेशन आहे असं सविस्तर मांडलं. दोन मज्जापेशी जिथे भेटतात त्या जागेला सिनॅप्स हे नाव १८९७ मध्ये त्यानेच रूढ केलं होतं. आपण कोपर वाकवतो तेव्हा दंडाच्या पुढचा स्नायू आकसतो आणि त्याच वेळी मागच्या स्नायूला सैल पडण्याचा निरोप जातो. हा दुसरा निरोप गेला नाही तर दोन स्नायू एकमेकांना ओढत बसतील आणि हात जागचा हलणार नाही. एकेका मज्जापेशीवर हजारो ठिकाणांहून निरोप येतात, काही ‘चालू हो’ म्हणणारे, काही ‘थांब’ म्हणणारे. पेशी त्यांचा जमाखर्च मांडते आणि शिल्लक एका मर्यादेपलीकडे गेली तरच पुढे संदेश धाडते. शिवाय साठलेलं हळूहळू गळूनही जातं, त्यामुळे निरोप किती आले याइतकंच ते किती जवळजवळ आले यालाही महत्त्व असतं. पेशीच्या या वागण्याचं गणिती रूप फ्रान्सच्या लुई लापिक यांनी १९०७ मध्ये मांडलं. त्या धाटणीच्या प्रारूपांना आज इंटिग्रेट अँड फायर म्हणतात. इथला इंटिग्रेट अगदी गणितातलाच, वेळेच्या तुकड्यांवर साठवत जाणारा.

ज्ञानेंद्रियांच्या बाबतीत याचं एक थक्क करणारं उदाहरण आहे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पडद्यावरच्या माणसाचे ओठ ‘गा’ म्हणताना दिसतात, आवाज मात्र ‘बा’चा लावलेला असतो. पाहणाऱ्या बहुतेकांना ऐकू येतं ‘दा’. डोळे मिटले की पुन्हा ‘बा’. ‘दा’ डोळ्यांनी पाठवलेला नव्हता आणि कानांनीही नव्हता, तो दोहोंच्या सांध्यावर तयार झाला. युक्ती माहीत असूनही तो ऐकू येतच राहतो.

विषाणूंच्या जगात हा शब्द गंभीर होतो. एचआयव्ही पेशीत शिरल्यावर आपल्या आरएनएची, म्हणजे स्वतःच्या जनुकीय मजकुराची, डीएनए प्रत बनवतो आणि मग इंटिग्रेज नावाच्या एन्झाइमच्या मदतीने ती प्रत पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये सांधून टाकतो. त्या क्षणानंतर पेशीच्या दृष्टीने तो मजकूर परका उरत नाही. पेशी विभागली तर त्याचीही नक्कल होते. काही पेशींमध्ये तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. आजची औषधं विषाणूची वाढ इतकी रोखतात की तो साध्या रक्ततपासणीत मोजताही येत नाही, पण आधीच सांधला गेलेला मजकूर त्यांना काढून टाकता येत नाही. औषधं बंद केली की बहुतेकांमध्ये विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून ती आयुष्यभर घ्यावी लागतात. इंटिग्रेजलाच अडवणारं पहिलं औषध, राल्टेग्राव्हिर, २००७ मध्ये मंजूर झालं. ते नव्या पेशींमध्ये सांधा जुळू देत नाही.

आणि याच यंत्रणेची दुसरी बाजू पाहा. माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग अशाच प्राचीन विषाणूंचे अवशेष आहे. लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत ते सांधले गेले आणि पिढ्यान् पिढ्या उतरत आले. बराचसा मजकूर निकामी झालेला आहे, पण सगळा नाही. गर्भाची वार घडताना पेशी एकमेकींत मिसळून एक सलग थर तयार होतो. त्या कामी लागणारं सिन्सिटिन हे प्रथिन मुळात एका विषाणूच्या आवरणाचं आहे. परका मजकूर असा भिनला की आता त्याच्याशिवाय आपला जन्म नीट होत नाही.

माणसं जोडली जातात तेव्हा

समाजाबद्दल बोलताना हा शब्द सगळ्यात जपून वापरायला हवा, आणि सगळ्यात सैलपणे वापरला जातो तोही इथेच. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्याने वेगळ्या होत्या. १७ मे १९५४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात हे घटनाबाह्य ठरवलं. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी सेंट्रल हायस्कूलमध्ये जायला निघाले. गव्हर्नरने नॅशनल गार्डचे सैनिक लावून त्यांना दारातच अडवलं. पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड त्या दिवशी एकटीच पोचली होती आणि संतापलेल्या जमावातून चालत तिला बसथांबा गाठावा लागला. अखेर अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कराची १०१वी एअरबोर्न तुकडी पाठवली आणि २५ सप्टेंबरला नऊजण सैनिकांच्या पहाऱ्यात आत गेले.

मग शाळा इंटिग्रेट झाली का? वृत्तपत्रांनी तसंच लिहिलं. पण आत त्यांना धक्के दिले जात, शिव्या दिल्या जात. खेळ, वाद्यवृंद अशा वर्गाबाहेरच्या उपक्रमांत त्यांना भाग घ्यायची परवानगी नव्हती. छळाला उलट उत्तर देणाऱ्या मिनिजीन ब्राउनला त्याच शैक्षणिक वर्षात शाळेतून काढलं. नऊजणांपैकी अर्नेस्ट ग्रीनने मे १९५८ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण केलं, त्या शाळेतून उत्तीर्ण झालेला पहिला कृष्णवर्णीय. आणि पुढचं पूर्ण वर्ष शहरातली सरकारी हायस्कुलं बंदच ठेवण्यात आली, का, तर ही मुलं गोऱ्या मुलांसोबत बसू नयेत.

म्हणून मार्टिन लूथर किंग डिसेग्रिगेशन आणि इंटिग्रेशन यांत स्पष्ट फरक करत. मनाई उठवणं हे पहिलं. ते कायद्याने होतं आणि व्हायलाच हवं. दुसऱ्यात माणूस बरोबरीच्या नात्याने, निर्णयांतल्या वाट्यासह सामावलेला असतो, आणि ते कायद्याच्या एका फटक्यात होत नाही. हा फरक किती खरा होता ते पुढे दिसलं. शाळा एकत्र करताना अनेक ठिकाणी बंद झाल्या त्या कृष्णवर्णीयांच्या शाळा, आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलं एका इमारतीत आली, त्यांना शिकवणारी त्यांची माणसं मात्र बाहेर राहिली. ज्याला सामावून घेतलं म्हणतात त्यालाच सगळी किंमत मोजायला लावणं याला मी इंटिग्रेशन म्हणणार नाही.

स्थलांतरितांच्या चर्चेतही हाच पेच असतो. जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक उपयोगी मांडणी केली. मूळ संस्कृती टाकून नव्या समाजात विरघळून जाणं याला तो अ‍ॅसिमिलेशन म्हणतो. मूळ जपून नव्यातही पूर्णपणे सहभागी होणं हे इंटिग्रेशन. नव्यापासून दूर राहून मूळच धरून बसणं हे तिसरं, आणि दोन्हीकडून तुटून पडणं हे चौथं. ‘त्यांनी इंटिग्रेट व्हायला हवं’ असं एखादा नेता म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला पहिला अर्थ हवा असतो. शिवाय दुसरा पर्याय स्थलांतरिताच्या एकट्याच्या हातात नसतो. घर भाड्याने मिळतं का, नोकरीच्या मुलाखतीला बोलावतात का, यावर तो ठरतो.

युरोपात हा शब्द देशांना लागू झाला. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा-पोलाद उद्योग एका सामायिक यंत्रणेखाली आणायचा प्रस्ताव मांडला. निवड विचारपूर्वक होती: शस्त्रं याच दोन गोष्टींतून बनतात, त्या सामायिक झाल्या की एकाला दुसऱ्याविरुद्ध गुपचूप युद्धाची तयारीच करता येणार नाही. १९५१ मध्ये सहा देशांनी त्यावर करार केला, १९५७ च्या रोम कराराने सामायिक बाजारपेठेचा पाया घातला, १ जानेवारी १९९३ पासून एकसंध बाजारपेठ सुरू झाली आणि २००२ मध्ये युरोच्या नोटा लोकांच्या हातात आल्या. देश विरघळले नाहीत. प्रत्येकाची संसद, भाषा, सैन्य ज्याचं त्याच्याकडे राहिलं. जोडले गेले ते नियम, जकात, मालाची मानकं, माणसांची ये-जा.

या सांध्यांची खोली समजली ती ब्रिटन बाहेर पडताना. जून २०१६ मध्ये लोकांनी कौल दिला, पण प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. सत्तेचाळीस वर्षांत युरोपीय कायदे ब्रिटिश कायद्यांत इतके मिसळले होते की ते एका दिवसात काढले असते तर कामगारांच्या सुट्ट्यांपासून अन्नाच्या तपासणीपर्यंत जागोजागी पोकळी पडली असती. म्हणून २०१८ च्या कायद्याने संसदेने ते बहुतांशी तसेच उचलून देशाचे कायदे म्हणून ठेवले आणि मग एकेक निवडून बदलायला घेतले. आयर्लंड बेटावरची, ब्रिटनचं उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातला आयर्लंड देश यांच्यामधली सीमा मात्र उघडीच ठेवायची होती, तिथल्या शांततेसाठी ते महत्त्वाचं होतं. त्यामुळे उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग असूनही मालाच्या बाबतीत युरोपीय संघाचे अनेक नियम आजही पाळतो, आणि त्यासाठीच्या तपासण्या ब्रिटनच्याच दोन भागांमधल्या समुद्राच्या वाटेवर, बंदरांमध्ये होतात.